लग्नाच्या प्रकरणाचं गाणं

आमच्या वाचकगटात एक खेळ चालतो. महिन्यातून एकदा, आठवड्याच्या मधल्या वारी, आम्ही नागावला एका होमस्टेच्या वाडीत जमतो. शनिवार-रविवारी तिथं पर्यटकांची झुंबड असते. मधल्या वारी नारळांखालच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि मालकीणबाई स्वतः वाचणाऱ्या आहेत, त्यामुळे चहा मागावा लागत नाही. ज्याची पाळी असेल त्यानं आपली लाडकी कादंबरी आणायची आणि तिच्या प्रत्येक प्रकरणाला एक गाणं लावायचं. आधी प्रकरणातलं पानभर वाचायचं, मग गाणं वाजवायचं, की पुढचं प्रकरण. हेच गाणं का, ते सांगायचं नाही. हा नियम मीच केला आणि तो पाळणं सगळ्यात जड मलाच जातं, कारण कारणं देणं हा आमच्या घरचा धंदा.

बाबा पत्रकं काढायचे. बंदराच्या रस्त्यासाठी शेतं जाणार होती तेव्हा काढलं, मिठागरांत भराव पडायला लागला तेव्हा काढलं, गावच्या टाकीत पाणी सोडून बाकी सगळं आहे म्हणून काढलं. ओल्या शाईचा वास असलेले गठ्ठे घरी यायचे आणि जेवणं झाली की आम्ही सगळे ओसरीत बसून घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती या कागदांवर. स्वतःचं आडनाव लिहिता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. शाळेत ‘माझी आई’ हा निबंध लिहिला तेव्हा शेवटी मी तीन मागण्या लिहिल्या होत्या. बाईंनी त्या लाल पेनानं खोडल्या. तिन्ही रास्त होत्या, हे माझं मत आजही कायम आहे.

घरात कादंबरी एकच होती आणि तीही कोणी वाचायला आणलेली नव्हती. खाडीवरून वारा सुटला की पत्रकं उडायची, म्हणून गठ्ठ्यावर ठेवायला बाबांनी कुठून तरी एक जाड पुस्तक आणलं होतं. एका उन्हाळ्यात एक लढा थंडावला, दुसरा अजून पेटायचा होता, गठ्ठे संपले होते आणि पुस्तक नुसतंच पडून होतं. मी ते उघडलं.

त्या कादंबरीचं नाव इथं सांगत नाही. नाव सांगितलं की वाचलेले आणि न वाचलेले अशा दोन बाजू पडतात आणि मला आज भांडायचं नाही. मिठागरावर राबणाऱ्या एका गावाची ती गोष्ट आहे. मजुराच्या मुलीचं लग्न मुकादमाच्या घरी ठरतं. तिला कोणी विचारत नाही, कारण स्थळ इतकं चांगलं आहे की विचारायचं काय? पुस्तकाच्या अगदी मधल्या प्रकरणात, हळद लागलेली ही मुलगी मांडवातून उठते, मिठागराच्या बांधावरून चालत खाडीपर्यंत जाते आणि पलीकडे निघालेल्या होडीत बसते. कोणाबरोबर पळून जात नाही. नुसती जाते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. ते प्रकरण वाचून झाल्यावर मी बाहेरून एक दगड आणला, पुढच्या गठ्ठ्यासाठी ओसरीत ठेवला आणि पुस्तक माझ्या उशाशी नेलं.

त्यामुळे वाचकगटात माझी पाळी आली तेव्हा कोणती कादंबरी हा प्रश्नच नव्हता. प्रश्न गाण्यांचा होता. पत्रकांच्या घरात गाणं म्हणजे सभेआधी गर्दी जमवायला डफावर म्हणतात ते. मला गाण्यातलं फार कळत नाही. ज्याला कळतं त्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं.

तो ट्रेलर चालवतो. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि गोदामापर्यंत न्यायचा, मधे कुठल्या तरी फाटकाबाहेर लांबलचक रांगेत उभं राहायचं. आमच्या घरात त्याला सगळे ट्रेलरवाला म्हणतात, बाबासुद्धा, आणि तोही त्या नावाला ओ देतो. तो वाचत नाही. वाचायला बसला की झोप येते, असं त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि त्याच्या या खरेपणावर मी निम्मी भाळले होते. पण कान त्याचे फार चांगले. रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून मी त्याला ही कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. मी एक प्रकरण वाचायची, तो थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा आणि म्हणायचा, “याला अमुक.” बहुतेक वेळा बरोबर असायचं.

पहिल्या प्रकरणात पहाटे मजूर मिठाच्या वाफ्यांत उतरतात. मी त्याला एक करुण भावगीत सुचवलं होतं. त्यानं चक्क बेंजोवर वाजणारं एक नाचाचं कोळीगीत लावलं.

“ही माणसं राबतायत,” मी म्हटलं. “पिळवणूक चाललीय त्यांची.”

“राबतायत, पण पहाटेला रडत कोण उतरतं गं? एकमेकांची खेचतच उतरतात. तू कधी उतरलीयस वाफ्यात?”

मी उतरले नव्हते. कोळीगीत राहिलं. मुकादमाच्या प्रकरणाला एक जुनं, फार गोड, फार सभ्य सिनेमातलं गाणं लागलं आणि ते ऐकताना तो माणूस एकदम भीतिदायक वाटायला लागला. नायिका होडीतून पलीकडे पोचते त्या पुढच्या प्रकरणासाठी आम्हाला दोघांनाही एकच आठवलं. दिघीहून आगरदांड्याला जाताना फेरीबोटीवर कोणाच्या तरी गाडीत एक कव्वाली चालू होती. बोट धक्क्याला लागली तरी गाडीवाला गाणं संपेपर्यंत गाडी सुरू करेना आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. ती कव्वाली आम्ही शोधून काढली.

अडलं ते लग्नाच्या प्रकरणाशी. तिथं कुठलंच गाणं बसेना. ट्रेलरवाला तर ते प्रकरण वाचून झाल्यापासून वेगळ्याच मुद्द्यावर अडून बसला होता.

“नवऱ्याला कोणी सांगितलं की नाही?”

“काय?”

“ती गेली म्हणून. तो बिचारा तिकडे मुंडावळ्या बांधून बसलाय. पुढच्या प्रकरणात एक ओळ तरी त्याची?”

“तो मुकादमाचा मुलगा आहे.”

“असंल. पण बसलाय ना?”

त्या प्रकरणाला गाणं एकच शक्य होतं, हे मला आतून माहीत होतं. ते कुठल्याही फोनवर मिळणार नव्हतं. ते माझ्या आत्याकडे होतं, आणि आत्या माझ्याशी बोलत नव्हती.

आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत भटजी येण्याच्या कितीतरी आधीपासून लग्न लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत जे जे होतं ते सगळं ती गाऊन करते. ही गाणी म्हणजे धवले. ती एक ओळ म्हणते आणि शेजारी बसलेल्या दोघी-तिघी झील धरतात, म्हणजे तीच ओळ उचलून परत म्हणतात. गाण्यात नवरीचं नाव येतं, बापाचं, आईचं, मामाचं, गावचं. ओळी आत्याच्या डोक्यात आहेत आणि दर लग्नाला त्या थोड्या बदलतात. लहानपणी मला वाटायचं की आत्यानं म्हटलं नाही तर हळद पिवळीच होणार नाही.

मग हळदीला बेंजो आला, बेंजोमागून डीजे आला, मटणाच्या पंगती आल्या, नवरदेवाच्या तोंडाएवढे मोठे फलक आले. लग्नापेक्षा हळद मोठी झाली. आत्याला सांगायला लागले, मावशी, दोन ओळी म्हणा पटकन, डीजेवाल्याला वेळ दिलीय. कॉलेज संपता संपता मी माझं पहिलं स्वतःचं पत्रक लिहिलं ते यावरच. मथळा होता ‘हळदीला आवरा’. ते गावोगाव गाजलं, मला दोन-तीन ठिकाणी शिव्याही बसल्या, आणि ते वाटण्यात सगळ्यात पुढे कोण होतं? आत्या. ज्या लग्नात धवला म्हणायला जाई, तिथंच पिशवीतून गठ्ठा काढून पाहुण्यांच्या हातांत देई. यजमानाच्या मांडवात, यजमानाच्या डीजेसमोर. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की सांगता येत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा ती आमच्या मागच्या दारी मांदेली साफ करत बसली होती. मी म्हटलं, आम्ही नोंदणी पद्धतीनं करणार, खर्च नाही, देणंघेणं नाही.

“झकास,” ती म्हणाली. “बेंजो नको, डीजे नको. मी एकटी बास हाय.”

“आत्या, हळदच नाही.”

तिनं हातातली मांदेली पाण्यात सोडली. “हलदच न्हाय म्हंजे?”

“पत्रकात लिहिलं होतं ना मी. हा सगळा प्रकारच बंद करायचा म्हणून. तूच तर वाटलंस.”

“पत्रकात बेंजोचं लिवलं व्हतं.”

“ते वरच्या परिच्छेदात. खालच्या परिच्छेदात हळदीचं होतं.”

“खालचा कोन वाचतो गो?”

दारात उभे असलेले बाबा आत निघून गेले. तिला वाटलं होतं की भाचीनं धवल्याला परत जागा मिळवून देण्यासाठी पत्रक काढलंय. मला वाटलं होतं की आत्यालाही आपल्यासारखंच सगळं मोडायचंय. आम्ही दोघी एकाच कागदाच्या दोन टोकांना धरून गावभर फिरलो होतो. तिनं मांदेली धुऊन दिली, हात पुसले आणि गेली. त्यानंतर तिचं आमच्याकडे येणं थांबलं.

म्हणून लग्नाच्या प्रकरणाला तिचा धवला लावायचा, हे मला सुचलं तेव्हा मी फार खूश झाले. माझ्या लग्नात नाही तर नाही, माझ्या लाडक्या पुस्तकात तरी तिचा आवाज येईल. ट्रेलरवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे तिला लग्नातून काढलंस आणि पुस्तकात कोंबतेयस.” त्याला मी दिवसभर फोन केला नाही. मग आम्ही दोघं तिच्याकडे गेलो.

आत्यानं त्याला पाट दिला, पाणी दिलं, भावी जावयाला विचारतात ते सगळं विचारलं. मला विचारलं, “काय काम हाय?”

मी कादंबरीचं सांगितलं, गटाचं सांगितलं, गाण्यांचं सांगितलं.

“नवरीबिगर धवला म्हनत न्हाईत. कोनासाठी म्हनू? या भिंतीसाठी?”

“नवरी आहे. पुस्तकातली.”

“वाच मग.”

मी ते प्रकरण वाचलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती, अधूनमधून हात थांबत होता. नायिका होडीत बसल्यावर मी पुस्तक मिटलं आणि तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे असेल.

“हलद लागली व्हती तिला?”

“हो.”

“मग धवलारीन असंल. ती कोन व्हती?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“मामा कोन?”

“तेही नाही.”

“मामा न्हाय, धवलारीन न्हाय, आन लगीन लावाया निगाले! म्हनून उठून गेली पोर.”

“आत्या, ती व्यवस्थेच्या विरोधात उठून गेली.”

“तसं म्हन. पन हलद लावताना कलतं आमाला. राजी नसंल तर पोर अंग आखडून बसते. त्या बाईनं हात थांबवाया पायजे व्हता.” मग तिनं ट्रेलरवाल्याकडे मान वळवली. “आन तो नवरा? त्याला कोनी सांगितलं का न्हाय?”

“हेच!” ट्रेलरवाला पाटावरून जवळजवळ उठलाच. “आत्या, मी कधीपासून हेच विचारतोय हिला.”

त्या दोघांचं तिथं जे जमलं ते आजतागायत जमलेलं आहे.

तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “बरं, म्हनते.” मला वाटलं होतं त्याहून लवकर कबूल झाली. मी सावध व्हायला हवं होतं. ट्रेलरवाल्यानं फोन समोर धरला. तिनं डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी गावदेवीला बोलावलं, मग खाडीला, मग गेलेल्या माणसांना, एकेकाला, जशी बोलावतात तशी. आवाज पूर्वीइतका मोठा उरलेला नाही, पण स्वयंपाकघरात पुरून उरत होता. मग नवरीची ओळख आली. मी वाट बघत होते, मिठागरावरच्या मजुराची लेक कधी म्हणते त्याची. ती म्हणाली:

“कागद वाटनाऱ्या बापाची लेक गो, अंगनी उबी ऱ्हायली.”

मला समजायला एक ओळ जावी लागली. पुढच्या ओळीत तिनं माझं नाव घेतलं. त्याच्या पुढच्या ओळीत ट्रेलरवाल्याचं. तो फोन विसरून माझ्याकडे वळला आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग छताचं आहे. मग ती थांबली, डोळे उघडले आणि सूप परत मांडीवर घेतलं.

“पुढचं?” मी विचारलं.

“पुढं हलद येते. हलद लागल्याबिगर पुढचं येत न्हाय. आन सुरू केलेला धवला अर्धा टाकत न्हाईत, तुला म्हाईत हाय.”

“आत्या, ही फसवणूक आहे.”

“व्हय.”

“मी पुस्तकातल्या नवरीसाठी म्हण म्हटलं होतं.”

“ती गेली ना होडीत बसून. समोर जी व्हती तिच्यासाठी म्हटलं.”

मी रागारागानं निघून आले. राग खरा होता. अर्धा टाकलेला धवला अशुभ असतो, हे मी मानत नाही. शुभ-अशुभ यावर मी लिहिलेल्या पत्रकांची चळत आमच्या माळ्यावर आहे. पण आत्या मानते. आता माझं लग्न होईल आणि तिच्या हिशेबी माझं गाणं अर्धं राहिलेलं असेल, आणि मला जरा ताप आला तरी ती ते स्वतःच्या माथ्यावर घेईल. तिनं मला नाही, स्वतःलाच अडकवून घेतलं होतं. आणि हळदीला बसावं, तर जिनं ‘हळदीला आवरा’ लिहिलं ती मी. ज्यांच्या मांडवात जाऊन ते वाटलं, ती माणसं काय म्हणतील? ती म्हणोत. मी स्वतःला काय म्हणेन?

बाबांनी मदत करायची ठरवली. म्हणजे त्यांनी मुद्दे काढले. धवलारीण ही स्त्री पुरोहित आहे. ती कुठल्या ग्रंथातलं म्हणत नाही, स्वतःचं म्हणते. हा श्रमिकांचा वारसा आहे. सबब हळद ही पुरोगामीच ठरते. ते उत्साहानं म्हणाले, “यावर चांगलं पत्रक होईल.”

“बाबा, ही पळवाट आहे.”

“पळवाट नाही, भूमिका आहे.”

“मग तुम्ही स्वतःच्या लग्नात का नाही घेतलीत ही भूमिका?”

बाबांचं लग्न नोंदणीचं, दोन हार आणि चहा, आमच्या तालुक्यात त्याची अजून आठवण काढतात. आत्या तेव्हा नुकतीच धवले म्हणायला लागली होती. भावाच्या लग्नात तिचा पहिला मोठा धवला व्हायचा होता. तो झाला नाही. ही गोष्ट मला माहीत होती, पण मी ती नेहमी बाबांच्या बाजूनं ऐकलेली होती, विजयाची म्हणून.

आई दळण चाळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “मला हवी होती हळद.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. “तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही ठरवून आलात. स्थळ चांगलं होतं. मला कोणी विचारलंच नाही.”

चाळणीचा आवाज चालू राहिला. आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दूध संपलंय, हे जसं सांगते तसं सांगितलं. पण मी गेली कित्येक वर्षं ज्या वाक्यावर पेटून उठत आले होते, ते उशाशी घेऊन झोपत आले होते, ते माझ्याच घरात, माझ्या आईनं, तत्त्वासाठी झालेल्या लग्नाबद्दल म्हटलं होतं. पुस्तकात मला मुकादम दिसला होता. घरात तो कोणासारखाच दिसत नव्हता.

मला विचारलं जात होतं. एवढाच फरक होता आणि तो लहान नव्हता. आत्यानं लबाडी केली खरी, पण हळद लावायची की नाही हे तिनं माझ्यावर सोडलं होतं. नाही म्हटलं असतं तर ती रडली असती आणि माझ्या लग्नाच्या चहाला पहिली येऊन बसली असती.

बाबांचे मुद्दे मी घेतले नाहीत. मला हे तत्त्वात बसवता आलं असतं. पत्रकं लिहिणाऱ्याला काहीही तत्त्वात बसवता येतं. मी स्वतःला साधं सांगितलं, की हे माझ्या मताविरुद्ध आहे आणि मी ते माझ्या आत्यासाठी करते आहे. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. पुष्कळांनी विचारलं. एवढंच सांगितलं.

मग आत्याकडे जाऊन घासाघीस केली. लिलावात पापलेट घेतल्यासारखी.

“बेंजो नाही, मटण नाही, फलक नाही.”

“आन काय?”

“मुहूर्त नाही. रविवारी सकाळी, ट्रेलरवाल्याला सुट्टी आहे तेव्हा.”

“चालंल.”

“आणि ती ‘बापानं लेक दिली’ ही ओळ नको. मी कोणी द्यायची वस्तू नाही.”

इथं वाल सोलणारा तिचा हात थांबला. “ती ओळ पयल्यापासून हाय.”

“तूच म्हणतेस ना, गाणं तुझं आहे. दर लग्नाला बदलतेस.”

“नावं बदलते गो. ओळ न्हाय बदलत.”

“मग मी नाही बसत.”

तिनं आणखी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “बगते.” आत्याच्या तोंडून ‘बगते’ म्हणजे काय, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

नागावला त्या प्रकरणाला मी जे गाणं लावलं ते त्या रविवारचं रेकॉर्डिंग आहे. मध्ये काही कापलेलं नाही. सुरुवातीला बायकांचा कालवा आहे आणि त्यात ट्रेलरवाल्याचा आवाज, “मी फक्त फोन ठेवायला आलोय,” आणि कोणीतरी म्हणतंय, “नवऱ्याला दम न्हाय बगा,” आणि हशा. त्यानं फोन पाटाखाली सरकवून दिला आणि बायकांनी त्याला हाकललं. म्हणून सगळं जरा खालून ऐकू येतं. बांगड्या जवळ, आवाज लांब. गाणं आत्यानं जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू होतं, मागचं काही न म्हणता. हळद लागते तो भाग लांब आहे. नवरीच्या आईचं नाव घेणारी एक ओळ आहे आणि त्या ओळीला कोणीतरी नाक ओढल्याचं ऐकू येतं. ती आई नव्हे, बाबा आहेत, ओसरीतून.

आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी अंग आखडलं होतं का, मला माहीत नाही. तिला माहीत असेल.

मग ती जागा येते. आदल्या ओळीपर्यंत सगळं जुनंच चाललं होतं आणि झील धरणाऱ्या दोघी बायका, म्हाताऱ्या, तिच्यासोबत जन्मभर म्हणत आलेल्या, पुढची ओळ ओठांवर घेऊनच बसल्या होत्या. आत्या थांबली. रेकॉर्डिंगमध्ये तिथं नुसता एक कोंबडा आहे. नागावला ऐकणाऱ्यांतल्या एकीनं फोन बंद पडला की काय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग आत्याचा आवाज येतो, जरा चाचरत, चाल चाचपत:

“कोनी न्हाय दिली गो, आपल्या पायानं निगाली.”

झील धरणारी एक जण सवयीनं ‘बापानं’ म्हणून गेली आणि मधेच अडली. दुसरी गप्पच. दोघी आत्याकडे बघायला लागल्या. “काय म्हनलीस गो?” असं एकीनं विचारल्याचं स्पष्ट ऐकू येतं.

आत्यानं गुडघ्यावर थाप मारली आणि तीच ओळ परत म्हटली, या वेळी मोठ्यानं. एकीनं धरली, सूर चुकला. दुसरीनं तिच्या मागोमाग धरली. तिसऱ्या खेपेला दोघींनी ती उचलली आणि आत्या पुढच्या ओळीवर गेली.